चिकटवलेली लगोरी

मी एक जुना, काळा, चपटा दगड आहे. मित्रांनो, हे ऐकून तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडा. ज्याला गणित येत नाही त्याला तुम्ही 'दगड' म्हणता, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, मी इथे गोड बोलायला आलेलो नाही. मला राग आलेला आहे, आणि दगडाचा राग दुधासारखा उतू जाऊन निवत नाही. तो राहतो.

माझा जन्मच एका चुकीतून झाला. मुळशी तालुक्यातल्या नेरे गावात कोंडिबा नावाचे शेतकरी होते. त्यांच्या घरी भैरू पाथरवट दरवर्षी जात्याला टाकी लावायला, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने टोचायला यायचा. एका वर्षी त्याची छिन्नी नको तिथे बसली आणि जात्याची खालची तळी फुटली. घरातल्या बायकांनी भैरूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भैरूने मान वर केली नाही. कोंडिबांचा आठ वर्षांचा हैबत तेवढा त्या तुकड्यांकडे आशेने बघत होता. भैरूने तिथेच बसून तुकड्यांच्या कडा ठोकल्या आणि सात चकत्या केल्या, एकीपेक्षा एक लहान. त्यातला सगळ्यांत मोठा मी.

"ह्यो तळाला ठिव," भैरू हैबतला म्हणाला. "ह्येची एक बाजू खडबडीत ठिवलीया, भुई धरंल. वरचं सा गुळगुळीत हायेत. लगोरी रचाया सोपी आन् पडाया त्याहून सोपी पायजे. न पडणारी लगोरी आन् न दळणारं जातं, दोनी सारकीच."

नुकतंच जातं फोडून बसलेल्या माणसाने हे सांगावं, म्हणून बायका आणखी चिडल्या. मला मात्र ते वाक्य पाठ झालं. तेवढं एकच शिक्षण मला मिळालं, आणि तेवढं पुरलं.

लगोरी कशी खेळतात हे आता सांगावं लागतं, हीच मुळात चीड आणणारी गोष्ट आहे. तरी सांगतो. सात दगड एकावर एक रचायचे. एका गड्याने लांबून चेंडू मारून ते पाडायचे. मग त्याच्या बाजूच्या मुलांनी ते पुन्हा रचायचे, आणि समोरच्यांनी तोवर त्यांना चेंडूने बडवायचं. रचून झालं की 'लगोरी!' म्हणून ओरडायचं. माझं काम सगळ्यांत कमी दिसणारं आणि सगळ्यांत गरजेचं. मी खाली असायचो. वरच्या सहा जणांचा भार माझ्या डोक्यावर. सगळ्यांत वर बसणारा चिमुकला दगड फार शिष्ट होता. चेंडू लागला की पहिला तोच पळायचा. मी जागा सोडत नव्हतो.

आम्ही खेळायचो ते कोंडिबांच्या खळ्यावर. खळं म्हणजे भाताची मळणी करायची जागा. दिवाळीनंतर ते शेणाने सारवायचे, मधोमध तिवडा म्हणजे एक लाकडी खांब रोवायचे आणि त्याच्याभोवती बैल फिरवायचे. मळणी संपली की कोंडिबा स्वतः तिवडा उपटायचे. त्याचा खड्डा मात्र पुरता बुजवायचे नाहीत, विटीदांडूला लागतो म्हणून वीतभर तसाच ठेवायचे. मग गावाकडे तोंड करून हाक द्यायचे, "घ्या रं पोरांनो तुमचं खळं!" त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत ते खळं मुलांचं. मोठ्या माणसाने तिथे बैलगाडी लावली तर कोंडिबा त्याच्यावर धावून जायचे.

ती जागा कुणी आखली नव्हती. तरी तिथे काय नव्हतं? एका अंगाला गोठ्याची भिंत होती, त्यामुळे चेंडू लांब जात नव्हता. चिंचेची सावली दुपारपासूनच खळ्यावर यायची. घराच्या ओट्यावर बायका तांदूळ निवडायच्या आणि त्यांचा एक डोळा पोरांवर असायचा. भुई अशी, की काडीने रेघ ओढली की आट्यापाट्यांची पाटी तयार, टाच फिरवली की गोट्यांची गल तयार. संध्याकाळी सगळं पायाने पुसलं की दुसऱ्या दिवशी नवा डाव. मित्रांनो, मी हे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं सांगतोय आणि मला ते सांगताना अजून बरं वाटतं.

पुढे हैबत मोठा झाला, त्याला मिशा आल्या आणि मी त्याच्या विस्मरणात गेलो. बाकीचे सहा दगड गोठ्याच्या कोनाड्यात पडून राहिले. मला जरा वजन होतं, म्हणून कोंबड्या झाकायच्या डालग्यावर ठेवलं. चाळीसहून जास्त वर्षं मी कोंबड्यांवर बसलो. त्यांनी मला जे काही दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मळणीला यंत्र आलं, बैल गेले, हैबतचे हैबतराव झाले. शेजारच्या भातखाचरांवर चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गावकुसाला लागून मृगगंध सोसायटी झाली आणि मधे पत्र्याचं कुंपण आलं. खळं तेवढं हैबतरावांनी ठेवलं. का ठेवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला डालग्यावरून उतरवलं ते सायलीने. सायली म्हणजे हैबतरावांची नात, दहा वर्षांची, डावखुरी आणि तोंडाने तिखट. तिने मला उचलताच डालगं कलंडलं, सात कोंबड्या उधळल्या आणि तिच्या आईने, जयाने, तिला झाडू घेऊन घरभर पळवलं. सायलीने मला सोडलं नाही. आजोबांना विचारून विचारून तिने बाकीचे सहा शोधले, आम्हाला विहिरीवर घासून धुतलं आणि खळ्यावर रचलं. तिच्या पहिल्याच चेंडूला आम्ही सातही जण उधळलो. अहो, चाळीसहून जास्त वर्षांनी पडलो! पडण्यात एवढं सुख असतं हे मीही विसरलो होतो.

पत्र्याला खालच्या बाजूला एक फट होती. तिच्यातून एक दिवस एक मुलगी सरपटत आली. ती सोसायटीतली जान्हवी. तिच्या हातात नवाकोरा चेंडू होता. सायलीचा चेंडू चिंध्यांचा होता आणि सुटत आला होता. दोघींनी एकमेकींना नजरेने मापलं.

"चेंडू तुजा, दगड माजं," सायली म्हणाली. "चालंल?"

"चालेल. पण आऊट झालीस तर दगड घेऊन जायचं नाही, असं आधी मला सांग," जान्हवी म्हणाली.

"ते तू मला सांग. चेंडू तुजा हाय."

मग ती फट मोठी झाली. महिनाभरात गावातली सात आणि सोसायटीतली सहा मुलं खळ्यावर यायला लागली. ही मुलं मला चुकूनही भांडल्याशिवाय दिसली नाहीत, आणि भांडून कुणी घरी गेलेलंही दिसलं नाही.

मोठी माणसं मात्र घरी बसून भांडत होती. सोसायटीचे अध्यक्ष विठ्ठलराव हे जान्हवीचे वडील. लातूरकडचे, हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर. एकदा ते कुंपणाला वळसा घालून खळ्यावर आले आणि हैबतरावांना म्हणाले, "इथली धूळ आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येते. मुलांचा आरडाओरडा वेगळाच. मी मीटिंगमध्ये असतो घरून."

हैबतराव बाजेवरून उठलेही नाहीत. "तुमची बिल्डिंग हुताना सा वरीस आमी सिमिटाची धूळ खाल्ली. तवा तुमी कुटं मिटिंगीत व्हता?"

त्यानंतर गावातल्या गुरांच्या शेणावरून, सोसायटीच्या सांडपाण्यावरून आणि गाड्या लावण्यावरून रोज नवी ठिणगी पडू लागली. गावातली माणसं सोसायटीवाल्यांना 'वरचे' म्हणायची आणि सोसायटीवाले गावाला 'बाहेरचे'. ज्यांच्या दारात येऊन राहिले त्यांनाच बाहेरचे म्हणायचं, याला काय म्हणावं?

मग एक दिवस विठ्ठलराव चेहऱ्यावर हसू घेऊन आले. बरोबर पियूष नावाचा तरुण होता. बागा आणि मैदानं आखणं हा त्याचा धंदा. विठ्ठलराव म्हणाले, "हैबतराव, भांडण पुरे. इथे आपण पारंपरिक खेळ उद्यान करू. सगळे आपले जुने खेळ. मीही लहानपणी लगोरीच खेळलो हो, लातूरला आमच्या गल्लीत." हे बोलताना त्यांचे डोळे खरोखर पाणावले. मी त्यांना आजही माफ केलेलं नाही, पण खोटं का बोलू?

पियूषने टेप काढली. हैबतरावांना विचारून त्याने प्रत्येक खेळाचं माप घेतलं. चेंडू किती पावलांवरून मारायचा, पाटी किती रुंद, विटीचा खड्डा किती खोल. आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारतंय या आनंदात हैबतराव दोन दिवस बोलत होते. मापं सगळी दिली. ही मापं रोज पायाने पुसायची असतात, हे मात्र सांगायचं राहून गेलं. पियूषने ते विचारलं नाही.

"आणि प्रवेशाला कमान करू, आजोबा," पियूष म्हणाला. "तिच्यावर तुमच्या वडिलांचं नाव. कैलासवासी कोंडिबा उद्यान."

इथेच हैबतराव फसले. मित्रांनो, आमच्या भागातला माणूस लोभाला एकवेळ दाद देणार नाही, पण कमानीवर बापाचं नाव येतंय म्हटलं की त्याची छाती फुगते आणि डोळे मिटतात. हैबतरावांनी एकच अट घातली, "पोरं खेळली पायजेत." विठ्ठलराव म्हणाले, "त्याचसाठी तर चाललंय सगळं." झालं. खळं वापरायला दिलं.

"खरे जुने दगड मिळाले तर मधोमध मांडू," पियूष जाता जाता म्हणाला. "मान तुमचाच."

सायलीला हे कळलं तशी तिने मला तांदळाच्या डब्यात तळाशी लपवलं. हैबतरावांनी डबा उपसला.

"आबा, दगड माजं हायेत. मला इचारलं का?"

"अगं, दोन म्हयन्यांचा सवाल. मग बग कसं लई भारी हुतंय. आन् तुज्या पणज्याचं नाव लागतंय."

"नाव लागू द्या की. दगड कशापायी देताय?"

हैबतरावांनी माझ्या अंगाला चिकटलेले तांदूळ झटकले आणि मला बाकीच्या सहांच्या पिशवीत टाकलं.

पुढचे दोन महिने मी जे पाहिलं ते वैऱ्यालाही दिसू नये. खळ्याची भुई चार बोटं खरवडली. पन्नास वर्षं शेणाने आणि मुलांच्या टाचांनी घट्ट झालेली ती भुई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून गेली. तिच्या जागी काँक्रीट आलं आणि काँक्रीटवर निळं-केशरी रबर. पाटीच्या रेघा पांढऱ्या रंगाने कायमच्या आखल्या. गोट्यांच्या गलीऐवजी स्टीलची वाटी जमिनीत बसवली, तिच्यात पाणी साचून डास झाले. विटी हरवू नये म्हणून ती साखळीने खांबाला बांधली. हो, खरंच बांधली. गोठ्याची भिंत 'दिसायला बरी नाही' म्हणून पाडली. चिंच तोडली, कारण चिंचा रबरावर पडून डाग पडतात.

आणि मधोमध सिमेंटचा कंबरेएवढा चौथरा. त्यावर मला ठेवलं. एका गवंड्याने दोन नळ्यांतला चिकट रस कालवला, माझ्या डोक्यावर थापला आणि माझ्यावर दुसरा दगड दाबला. मग तिसरा. असे सात. तो शिष्ट चिमुकलाही चिकटला. दुसऱ्या दिवशी उन्हाने रस वाळला, तेव्हा मला भैरूचं वाक्य आठवलं आणि माझ्या तळाला कापरं भरलं. पण हलताही येईना.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला होतं. कमानीवर कोंडिबांचं नाव सोनेरी अक्षरांत चमकत होतं. खाली लहान अक्षरांत फलक होता: 'वेळ ५ ते ७. रहिवाशांव्यतिरिक्त मुलांनी नाव नोंदवून आत यावे.' गावातल्या एकाही मुलाने नाव नोंदवलं नव्हतं. स्वतःच्या खळ्यावर यायला नाव कोण नोंदवतं? त्यामुळे फाटकावरच्या रखवालदाराने सातही जणांना बाहेर उभं केलं होतं. त्यात सायली होती. हैबतराव गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात चेंडू दिला. पहिला चेंडू एका खुर्चीला लागला. दुसरा बरोबर आमच्या मधल्या दगडावर आपटला आणि परत फिरला. आम्ही जागचे हललो नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई 'लगोरी!' म्हणून ओरडल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण पडली कुठे?" टाळ्या थांबता थांबता जान्हवीचा आवाज आला.

विठ्ठलराव हसले. "अगं, ही प्रतीकात्मक आहे. इथे फोटो काढायचे."

"मग खेळायचं कुठे?"

"तिकडे घसरगुंडी आहे ना."

हैबतराव खुर्चीतून उठले. त्यांनी पियूषला विचारलं, "का रं पडत न्हाई?"

"चिकटवलेत, आजोबा. सुटे ठेवले तर चोरीला जातात. आणि एखाद्याच्या पायावर पडला तर जबाबदारी कुणाची?"

 हैबतरावांनी फाटकाकडे हाक मारली, "सायले, हितं ये. तू मार."

"नाव नोंदलेलं नाही तिचं," रखवालदार म्हणाला.

"कमानीवर तिच्या पणज्याचं नाव हाय. वर बग आन् वाच."

सायली आत आली. सात पावलं मोजून उभी राहिली आणि डाव्या हाताने चेंडू मारला. लागला. आम्ही तसेच. दुसरा मारला, लागला. तिसरा असा जोरात लागला, की माझ्या अंगातून कळ गेली. पड, पड, असं मी स्वतःला ओरडून सांगत होतो. तीन चेंडू संपले. या पोरीचे तीनही चेंडू वाया गेलेले मी कधी पाहिले नव्हते. ती चौथऱ्यापाशी आली, वरचा दगड दोन्ही हातांनी ओढला, मग नखांनी उकरला. नख तुटलं. ती आजोबांकडे वळली.

"आबा, तुमीच दिलं," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

हैबतरावांनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि ते चालते झाले. रुसले असतील, असं म्हणून लोक चहाकडे वळले. पाच मिनिटांत हैबतराव परत आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती.

"हैबतराव, हे नुकसान आहे! मी पोलिसांना बोलावीन," विठ्ठलराव ओरडले.

"बोलवा. त्यास्नी बी डावात घिऊ."

पहिल्या घावाला चौथरा तडकला. मग त्यांनी पहार माझ्या आणि चौथऱ्याच्या मधे घातली. पासष्टीचा तो म्हातारा अंग टाकून दाबत होता आणि मोठ्याने स्वतःलाच शिव्या देत होता, सोसायटीला नाही. मी निघालो, पण अर्धाच. माझा दुसरा अर्धा तिथेच राहिला आणि पुढच्या घावांत त्याची खडी झाली. वरच्यांपैकी दोघंच वाचले, आणि त्यातला एक तो चिमुकला. छिन्नीने जन्मलो होतो, पहारीने दुसऱ्यांदा जन्मलो. दुखलं. पण भुईवर आपटलो तो आवाज माझ्या कानांना फार गोड लागला.

हैबतराव चौथरा मुळापासून उखडूनच थांबले. तिथे काँक्रीटमध्ये पाच हात लांब-रुंद भगदाड पडलं आणि खालून खळ्याची जुनी माती दिसली.

आता सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मोठ्या माणसांना ओळखत नाही. हैबतरावांविरुद्ध तक्रार गेली. विठ्ठलरावांनी आठ दिवसांत कमानीवरून कोंडिबांचं नाव काढायला लावलं. बापाच्या नावाची एकेक सोनेरी अक्षर गोणीत पडताना हैबतराव बाजेवर बसून बघत होते. "बापाला कमान लागत नव्हती," ते जयाला म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. जान्हवीला गावातल्या मुलांशी बोलायची बंदी झाली. पत्र्याची फट वेल्डिंग करून बुजवली. जान्हवी आता फाटकातून, गावातल्या मुलांच्या रांगेत नाव नोंदवून येते. वडिलांना कळू नये म्हणून नाव मात्र सायलीचं लिहिते. रखवालदाराने एकदा वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

साडेचार गुंठ्यांची ती निळी-केशरी बाग आहे, आणि मुलं खेळतात ती फक्त त्या भगदाडात. तिथेच टाच फिरवून गल होते. तिथेच विटीचा खड्डा आहे, कारण जान्हवीने विटीची साखळी तोडली. फुटक्या काँक्रीटचे तुकडे घेऊन लगोरी पुन्हा सात झाली आहे. मी आता अर्धा, हलका, एका बाजूला धारदार. तळाला चालत नाही. मला वर ठेवतात, त्या शिष्टाच्या लगेच खाली, आणि चेंडू लागला की आता मीही पहिल्या झटक्यात पळतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होईल आणि टेप घेऊन मुलांसाठी जागा आखायला बसेल. त्याला माझं सांगणं आहे. झाड ठेव. चेंडू परत देणारी एखादी भिंत ठेव. भुई उघडी ठेव. आणि कृपा करून काहीही चिकटवू नकोस. हे जमत नसेल तर टेप गुंडाळून घरी जा, मुलं त्यांचं ती बघून घेतील.

परवा पियूष आला होता. भगदाड बुजवायचं ठरलंय म्हणे. ते किती आहे ते तो टेप लावून मोजू लागला आणि चक्रावला, कारण त्याच्या वहीत मागचं माप साडेसात फूट होतं आणि टेप दहा फूट सांगत होती.

सायली काठावर उकिडवी बसली होती. तिच्या डाव्या हातात मी होतो, धारेची बाजू खाली. काँक्रीटची ठिसूळ झालेली कड तिने माझ्याने ठोकली, एक ढलपी निघाली, आणि ती तिने मागे भिरकावली.

"दादा, आज मोजू नका," ती म्हणाली. "सांजच्याला आनिक वाढंल."